वर्दी येण्याआधी

मुंबई अग्निशमन दलात आगीच्या खबरीला ‘वर्दी’ म्हणतात. कुणी १०१ फिरवला, नियंत्रण कक्षातला फोन वाजला, की वर्दी आली. सुरुवातीला ती बहुधा क्रमांक एकची असते. जागेवर पोहोचलेल्या अधिकाऱ्याला एवढ्या माणसांनी भागायचे नाही असे दिसले, तर तो वायरलेसवरून ती दोनची करतो, मग तीनची, चारची. प्रत्येक आकड्यासरशी आणखी दूरच्या केंद्रांतून बंब, टँकर आणि शिड्या निघू लागतात. चारच्याही वर ‘ब्रिगेड कॉल’ असतो. तो पुकारला, की अख्खे दल कामाला जुंपले जाते.

दुसऱ्या दिवशी पेपरात ‘क्रमांक तीनची वर्दी’ असे छापून येते, आणि वाचणाऱ्याला तो ज्वाळांच्या उंचीचा आकडा वाटतो. खरे तर त्यावरून मदत किती मागवावी लागली ते कळते. मागितलेली मदत मिळायची, तर ती आधीपासून कुठेतरी तयार असावी लागते. बंब विकत घेतलेला असावा लागतो, अग्निशामकाचे पद भरलेले असावे लागते, शिडी दुरुस्त हवी आणि गल्लीच्या तोंडाशी हायड्रंटला पाणी हवे. यातले काहीही आगीच्या रात्री जमवता येत नाही. ते वर्षानुवर्षे जमत किंवा राहून जात असते, नगरपालिकेच्या फायलींमध्ये.

बंब कोणाचा?

‘बंब’ हा शब्द मराठीने पोर्तुगिजांकडून घेतला असे मानतात. त्यांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप. मराठी माणसाने तो दोन जागी वापरला. एक बंब न्हाणीघरात पाणी तापवायचा, दुसरा पेटलेल्या घरावर पाणी ओतायचा. पहिला ज्याच्या त्याच्या घरचा होता. दुसरा कोणाचा, याचे उत्तर मात्र राज्याराज्यांत बदलते.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १९९३ साली बारावी अनुसूची अमलात आली. शहरांच्या स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात मांडले आहेत. पाणीपुरवठा पाचवा, आरोग्य आणि स्वच्छता सहावा, अग्निशमन सेवा सातवा. पण घटनेने ‘सोपवता येतील’ म्हटले, ‘सोपवावेच’ म्हटले नाही. त्यामुळे गोव्यात पणजीच्या सांताइनेझमधले राज्य संचालनालयच सगळ्या राज्याचे अग्निशमन दल चालवते. केरळातही हे खाते राज्याचेच आहे. दिल्लीत ते महापालिकेकडे होते, १९९४मध्ये दिल्ली सरकारने आपल्याकडे घेतले. महाराष्ट्राने जुनी वाट सोडली नाही. मुंबईसाठी १८८८चा, इतर महापालिकांसाठी १९४९चा आणि नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५चा असे तीन वेगवेगळे कायदे आहेत, आणि आग विझवणे हे तिन्हींनी स्थानिक संस्थेचे काम ठरवले आहे.

मुंबईत ही जबाबदारी पालिकेकडे यायला बराच काळ लागला. १८०३ साली फोर्टात, म्हणजे तेव्हाच्या तटबंदीच्या आत, मोठी आग लागली आणि दाट वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर बरीच देशी वस्ती तटाबाहेर उत्तरेला सरकली. पुढे १८५५च्या सुमारास घोडे जुंपलेले बंब आले, पण ते पोलिसांच्या ताब्यात होते. चोर पकडायचे आणि आग विझवायची ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे होती. १ एप्रिल १८८७ पासून मात्र अग्निशमन दल म्युनिसिपल कमिशनरच्या अखत्यारीत आले, आणि आजही मुंबईत ते तिथेच आहे.

टाकी दोन-अडीच मिनिटांची

पोलिसांकडून हे काम पालिकेकडे का आले असावे, ते बंबाच्या टाकीकडे पाहिले की उमगते. साध्या बंबात साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी असते. त्याचा पंप मिनिटाला दोन हजार लिटरच्या घरात पाणी फेकू शकतो. तो पूर्ण जोरात चालवला, तर टाकी दोन-अडीच मिनिटांत कोरडी पडते. त्यापुढची लढाई टँकरच्या फेऱ्यांवर आणि रस्त्यातल्या हायड्रंटवर चालते. टँकर कोणत्या जलाशयावर भरायचा, कोणत्या भागात पाण्याचा दाब वाढवायचा, हे पाणी खाते जाणते, आणि ते पालिकेचे असते.

बंबाला गल्लीत वळता येईल का, हे रस्त्याच्या रुंदीवर आणि दोन्ही बाजूंच्या अतिक्रमणांवर ठरते. तो कारभार विभाग कार्यालयाचा. इमारतीला दुसरा जिना आहे का, गच्चीचे दार उघडते का, हे नकाशा मंजूर होतानाच ठरून जाते, आणि नकाशा मंजूर करणाऱ्या खात्याचे नाव इमारत प्रस्ताव विभाग. घटनास्थळी पोहोचल्यावर वीज तोडावी लागते. मुंबई शहर भागात वीज पुरवणारा बेस्ट उपक्रमही पालिकेचाच. बेस्ट सोडला, तर ही सगळी खाती आयुक्त नावाच्या एका माणसाला उत्तर देतात. अग्निशमन पालिकेकडे असावे म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

आग विझवणे हे काम तर या दलाचे आहेच, पण वर्दी निरनिराळ्या प्रकारची येते. संक्रांतीला मांजात अडकलेली घार सोडवायची असते, पावसाळ्यात रस्त्यावर आडवे झालेले झाड कापायचे असते, लिफ्टमध्ये अडकलेल्या आजींना बाहेर काढायचे असते. २००८च्या नोव्हेंबरात ताज हॉटेलवर हल्ला झाला, तेव्हा खिडक्यांतून पाहुण्यांना उतरवायला लावलेल्या शिड्या याच दलाच्या होत्या. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तिच्या ढिगाऱ्यावर उभे होते तेही हेच जवान.

आगीपुढे राजा, टेबलापुढे खातेप्रमुख

दलाचा प्रमुख हा मुख्य अग्निशमन अधिकारी. त्याच्या हाताखाली उपप्रमुख, विभागीय अधिकारी, केंद्र अधिकारी. आणि बंबावर प्रमुख अग्निशामक, यंत्रचालक, अग्निशामक. आगीच्या जागी या साखळीचा अधिकार विलक्षण असतो. रस्ता बंद करणे, कुलूप फोडणे, भिंत पाडणे, घरातल्यांना बाहेर काढणे, या सगळ्याला कायद्याची मुभा आहे. आग पसरू नये म्हणून शेजारचे बांधकाम पाडावे लागले, तरी त्यासाठी फाइल फिरवावी लागत नाही.

आग विझते. अधिकारी कार्यालयात परततो, आणि आता तो पालिकेच्या अनेक खातेप्रमुखांपैकी एक असतो. त्याला उंच शिडी हवी असेल, तर प्रस्ताव लिहावा लागतो. तो उपायुक्तांकडून अतिरिक्त आयुक्तांकडे आणि पुढे आयुक्तांकडे जातो. अर्थसंकल्पात तरतूद व्हावी लागते, निविदा निघावी लागते आणि स्थायी समितीची मंजुरी लागते. शिडी फिनलंडसारख्या देशात बनत असेल, तर तपासणी, जहाज आणि नोंदणी हे सगळे त्यापुढे. मुंबईने ९० मीटरपर्यंत पोहोचणारी हायड्रॉलिक शिडी घेतली आहे. पण अशी अवजड गाडी उभी करायला इमारतीभोवती मोकळी आणि पक्की जमीन लागते. ती नसेल, तर ९० मीटरची शिडी रस्त्यावर उभी राहून वर पाहत राहते.

माणसांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. पालिकेला वाटले म्हणून अग्निशामकांची पदे वाढवता येत नाहीत. पदांचा आकृतिबंध राज्य सरकारने मंजूर करावा लागतो. शिवाय आस्थापनेवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा असा दंडक आहे. ज्या पालिकेचे उत्पन्नच तुटपुंजे, तिला मंजूर पदेही भरता येत नाहीत. मग ठेकेदारामार्फत माणसे घेतली जातात. धुरात नळी धरून पुढे जाणाऱ्या दोघांपैकी एक कायम आणि दुसरा कंत्राटी, असे चित्र तयार होते.

मोठ्या शहरांत निदान दल असते. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेचा मुख्याधिकारी हाच सर्वेसर्वा असतो, आणि अग्निशमन म्हणजे एक-दोन बंब, चालक आणि मोजकी माणसे. नगरपरिषदांच्या अग्निशमन अधिकाऱ्यांसाठी राज्याने स्वतंत्र संवर्ग केला आहे, म्हणून त्यांची भरती आणि बदली राज्य पातळीवर होते. बंब मात्र गावाचाच. पंचक्रोशीत ऊस पेटला, गंजी पेटली, दुकान पेटले, की फोन त्याच बंबाला. ग्रामपंचायतीकडे सहसा बंब नसतो. पश्चिम महाराष्ट्रात अशा वेळी जवळच्या साखर कारखान्याचा बंब धावून येतो.

या सगळ्यांच्या वर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे. ते सल्ला देते, प्रशिक्षण देते, आगविरोधी यंत्रणा बसवणाऱ्या संस्थांना परवाने देते. पण वर्दीला निघणारा बंब आणि त्यावरची माणसे त्याची नसतात.

त्या दुपारी हुकूम कोणाचा?

अनेक अधिकारी एका जागी जमले आणि अखेरचा शब्द कोणाचा हे ठरलेले नसले, तर काय होते, ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ला पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. पालिकेच्या दलाचे बंब गोदीत आले आणि जहाजात पाणी सोडू लागले. धक्क्यावर जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे स्फोटक अधिकारी होते, अग्निशमन दल होते. जहाज जागीच बुडवायचे, ओढून खोल पाण्यात न्यायचे की आग विझवत राहायचे, यावर मते होती, पण सगळ्यांवर बंधनकारक असा हुकूम देणारा कोणी नव्हता. चार वाजून काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. शहरातल्या मृतांची गणती शेकड्यांत झाली. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो याच जवानांच्या स्मरणार्थ.

हद्दींचे कोडे आजही आहे. बंदर, विमानतळ, तेलशुद्धीकरण कारखाने यांची दले स्वतंत्र आहेत. औद्योगिक वसाहतींत एमआयडीसीचे दल असते. पुण्यात महापालिकेची हद्द संपते तिथून पीएमआरडीएचे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, दल सुरू होते. डोंबिवलीत २३ मे २०२४ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, ती जागा औद्योगिक वसाहतीतली. पण काचा फुटल्या त्या भोवतालच्या नागरी वस्तीत. अशा वेळी शेजारच्या पालिकांचे बंब मदतीला निघतातच. हद्द ओलांडताना कोणी नकाशा पाहत नाही. पण चार ठिकाणचे बंब एकत्र आले, की नळ्यांची जोडणी एकमेकींना बसते का, वायरलेसवर सगळ्यांना एकमेकांचे ऐकू येते का, आणि हुकूम कोणाचा, हे प्रश्न आधी सुटलेले असावे लागतात.

आग लागलेलीच नाही, तेव्हा

विझवण्यापेक्षा लागू न देणे हा अग्निशमनाचा मोठा भाग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २००६चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, जो डिसेंबर २००८पासून अमलात आला. उंच इमारत, रुग्णालय, हॉटेल, मॉल, चित्रपटगृह उभारायचे, तर बांधकामाआधी अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो, आणि वापर सुरू होण्याआधी यंत्रणा बसली की नाही हे पाहून दुसरा. दोन्हींसाठी शुल्क भरावे लागते. ते मोठ्या पालिकांच्या दलांचे एक महत्त्वाचे उत्पन्न आहे.

दाखला मिळाला, पेढे वाटले, पुढे काय? यंत्रणेची देखभाल करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकली आहे. यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचे. सोसायट्यांच्या बोलीत हा ‘बी फॉर्म’. दलाला तपासणीचा, नोटिशीचा, गरज पडली तर वीज-पाणी तोडण्याचा आणि जागा सील करण्याचा अधिकार आहे. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. पण हजारो इमारती असलेल्या शहरात दल स्वतः फार थोड्या तपासू शकते. उरलेल्यांसाठी भरवसा त्या प्रमाणपत्रावर, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पैसे देतो तो इमारतीचा मालक.

२९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारातल्या दोन उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जणांचे प्राण गेले. गच्चीवरचे ज्वालाग्राही छप्पर, अडवलेल्या वाटा आणि त्यांतून सुटायला धडपडणारी माणसे असे ते दृश्य होते. अशा जागेला खाद्यगृहाचा परवाना पालिकेचे आरोग्य खाते देते, बांधकामाचा इमारत खाते, मद्याचा राज्य उत्पादन शुल्क विभाग, आणि ना-हरकत दाखला अग्निशमन दल. चार कागद चार टेबलांवरून निघतात; जागेवर जाऊन चारही एकदम तपासणारा कोणी नसतो. त्या आगीनंतर पालिकेचे पाच अधिकारी निलंबित झाले.

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ला मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळे दगावली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. ही इमारत सरकारी होती. खासगी मालकाला नोटीस देणे सोपे. सरकारी इमारतीत यंत्रणा बसवायला निधी देणारे खाते एक, बांधकाम करणारे दुसरे आणि रुग्णालय चालवणारे तिसरे. नोटिशीवर नाव कोणाचे घालायचे, इथपासून अडचण सुरू होते.

जुन्या वस्त्यांचे दुखणे निराळे. २००६चा कायदा यायच्या कितीतरी आधी त्या उभ्या राहिल्या. ९ मे २०१५ला काळबादेवीतल्या गोकुळ निवास या लाकडी तुळयांच्या इमारतीला आग लागली, आणि आग विझवत असतानाच इमारत कोसळली. दलाने चार अधिकारी गमावले. त्यात मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन होते. शहराच्या दलाचा सर्वोच्च अधिकारी स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, हे त्यांच्या शौर्याबद्दल बरेच सांगते. अशा इमारतीत शिरण्याचा निर्णय कोणी आणि कोणत्या माहितीवर घ्यायचा, हा प्रश्न मात्र शौर्याने सुटत नाही. ही इमारत जुनी आहे, तिच्या तुळया कुजल्या आहेत, हे कुठल्या ना कुठल्या कार्यालयात नोंदलेले असते. ती नोंद बंब निघतानाच वर्दी घेणाऱ्या वॉच रूमला मिळायला हवी.

दहा चौरस किलोमीटरला एक

किती केंद्रे पुरेशी? केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष शहरी भागात दहा चौरस किलोमीटरला एक आणि ग्रामीण भागात पन्नासला एक असा आहे. वर्दी मिळाल्यापासून शहरात पाच ते सात मिनिटांत, ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोहोचावा अशी अपेक्षा आहे. मुंबई पालिकेचे क्षेत्र साडेचारशे चौरस किलोमीटरच्या घरात. या हिशेबाने पंचेचाळीसच्या आसपास केंद्रे हवीत. मोठी केंद्रे पस्तीसच्या आसपास आहेत. उरलेली उणीव छोट्या केंद्रांनी भरून काढली जाते. देशातल्या सर्वांत श्रीमंत पालिकेचे हे गणित. नव्याने नगरपंचायत झालेल्या गावाचे गणित वाचकाने स्वतःच मांडून पाहावे.

पैशासाठी वरूनही मदत येते. २०२३मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवायला ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. त्यातून बंब आणि केंद्राची इमारत उभी राहू शकते. माणसांचा दरमहाचा पगार मात्र स्थानिक संस्थेच्याच तिजोरीतून जातो.

माणसे घडवण्यात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. देशभरच्या दलांचे अधिकारी तिथून तयार होतात. २००२ साली हर्षिनी कान्हेकर या तिथे प्रवेश घेणाऱ्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. मुंबईच्या दलात त्यानंतर दहा वर्षांनी महिला अग्निशामकांची पहिली तुकडी आली. श्वसनयंत्र पाठीवर घेऊन धुरात शिरण्याचे शिक्षण त्यांनाही पुरुषांइतकेच कठोर मिळते.

अग्निशमन दल राज्याकडे द्यावे, की पालिकांकडेच ठेवावे, हा वाद अधूनमधून निघतो. राज्याचे एकच दल असले, तर लहान गावालाही समान बंब आणि समान प्रशिक्षण मिळेल, हे खरे. पण पाणी, रस्ता आणि नकाशा पालिकेकडे आणि बंब राज्याकडे, अशी नवी दरी तयार होईल, हेही तितकेच खरे. पालिकेकडेच दल ठेवायचे तर आकृतिबंधातली पदे, केंद्रांची संख्या आणि तपासणीचे वेळापत्रक या तीन गोष्टींवर नगरसेवकांनी दरवर्षी सभागृहात हिशेब मागितला पाहिजे. बंबाच्या लोकार्पणाला नारळ फोडायला गर्दी होते. तो बंब चालवायला तिन्ही पाळ्यांत माणसे आहेत का, हे विचारायला होत नाही.

वाचकाला एवढे सगळे करता येणार नाही, पण एक गोष्ट येईल. सोसायटीच्या सचिवांकडे शेवटचा बी फॉर्म मागावा. जिन्यातल्या लाल पेटीचे दार उघडून नळी आत आहे का, तिच्या टोकाची पितळी ब्रांच कुणी भंगारात विकली तर नाही ना, हे बघावे. गच्चीच्या टाकीत आगीसाठी राखलेले पाणी टँकर न आल्याच्या दिवशी वापरले जाते का, ते विचारावे. आवारात बंब वळवायची जागा गाड्यांनी अडवली असेल, तर पुढच्या सभेत विषय काढावा. बी फॉर्म भरायचे महिने दोनच असतात, जानेवारी आणि जुलै.